नाणेघाटातील एक नोंद

ज्या घराण्याची ही हकीकत आहे, त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. दोन भाऊ. थोरले जुन्नरला, वय ७९. धाकटे कल्याणला, वय ७०. माळशेज घाटाने मोटारीला साडेतीन तास पुरतात, एवढेच दोन घरांतले अंतर. परंतु गेली दहा-अकरा वर्षे ते दोघांपैकी कोणीही ओलांडलेले नव्हते. संवत्सरीला दोन्हीकडून छापील क्षमापनापत्रे नेमाने जात आणि नेमाने येत. पत्त्यावरचे अक्षर मात्र मुलांचे असे.

ज्यांनी भागीदारीची पेढी चालवली आहे, त्यांना भांडणाचे कारण लगेच कळेल. इतरांना ते क्षुल्लक वाटेल. १९८४ साली धाकट्यांनी कल्याणला शाखा काढली, तरी हिशेब जुन्नरलाच एकत्र लिहिला जाई. २०११ साली आई दीर्घ आजाराने गेली. रुग्णालय, औषधे, घरी ठेवलेली परिचारिका, असे सारे मिळून ३ लाख ८० हजार रुपये खर्च झाला होता. पुढच्या दिवाळीत खाती तयार झाली, तेव्हा थोरल्यांनी त्यातील निम्मी रक्कम स्वतःच्या आणि निम्मी धाकट्यांच्या खात्यावर ‘उचल’ म्हणून नावे टाकली. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने नोंद निर्दोष होती. घरचा खर्च पेढीच्या खर्चात दाखवता येत नाही. तो भागीदारांच्या नावेच पडावा लागतो, आणि थोरल्यांनी स्वतःला एक पैसाही कमी लावला नव्हता. धाकट्यांनी खाते पाहिले आणि एकच प्रश्न विचारला : “आईचे आजारपण ही माझी उचल?” उत्तरादाखल थोरल्यांनी स्वतःच्या खात्याचे पान उलटून पुढे केले. बोलणे तेथेच थांबले. २०१३ साली भागीदारी विसर्जित झाली. दस्तऐवजावर दोघांच्या सह्या झाल्या, पण त्या दोन वेगवेगळ्या दिवशी.

जुन्नरच्या वाड्यातील आपली खोली रिकामी करताना धाकट्यांनी आईची एक लोखंडी पेटी नेली. तीत तिच्या साड्या होत्या आणि ती नेसत नसे अशी एक कशिद्याची ओढणी होती. पेटी कल्याणच्या माळ्यावर तशीच राहिली. गेल्या दिवाळीपूर्वी साफसफाईत धाकट्यांच्या नातीने ती उघडली. नात सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसली आहे. साड्यांच्या खाली, जुन्या शालीत गुंडाळलेली, तांबड्या कापडाच्या बांधणीची एक लांबट वही निघाली. पानांना उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले, शाई काळी, पहिल्या पानावर केशराचा पिवळा डाग. संवत १९६२, म्हणजे १९०५-०६ सालची खतावणी. घरातल्या एकालाही तिच्यातले एक अक्षर लागले नाही.

लागणार तरी कसे? वही महाजनी लिपीत होती. काही घराण्यांत तिला मुडिया म्हणत. या लिपीत काना-मात्रा बहुधा देतच नाहीत. व्यंजने तेवढी एका ओळीत झरझर मांडत जायची. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड झाली, हा विनोद मारवाडातून आलेल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगितलेला आहे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला व्यवहार आधीच ठाऊक असला, तरच ही लिपी चालते. किंबहुना परक्याला वाचता येऊ नये, ही तिची सोयच होती.

नातीने एका पानाचे छायाचित्र काढून कल्याणातील एका वृद्ध मुनीमांना दाखवले. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. ‘नणघट टक’ एवढी अक्षरे, पुढचा शब्द कसरीने खाल्लेला, आणि रक्कम २ रुपये ८ आणे. मुनीमांनी सांगितले : “नाणा, घट, टका. झिजलेल्या नाण्यांची घट टक्क्याने सोडली आहे. त्या काळी असे चाले.” खुलासा व्यापाऱ्याला पटण्यासारखा होता. परंतु मुलीने तेच छायाचित्र जुन्नरच्या चुलतभावालाही पाठवले. नातवंडांचे आपसांत बोलणे कधीच बंद झालेले नव्हते. आजोबांना ते ठाऊक नव्हते, इतकेच. घराण्यात महाजनी वाचणारे आता एकटे थोरलेच उरले आहेत. त्यांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ओळ मोठी करून पाहिली, चष्मा बदलून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, “नाणाघाट टांका.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण एका ओळीवरून सांगता येत नाही. वही हातात हवी.”

मारवाडात टांका म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचे भुईखालचे हौद. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा असेल तर टांका साफ ठेवावा लागतो, हे तिकडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण नाणेघाटातील टाक्याशी जुन्नरच्या दुकानाचा संबंध काय? वही कल्याणला, वाचणारे जुन्नरला. धाकटे म्हणाले, जुन्नरला जाणार नाही. थोरले म्हणाले, कल्याणला जाणार नाही. तेव्हा नातीने जी तोड सुचवली, ती एखाद्या मध्यस्थालाही सुचली नसती. ती म्हणाली, “मग घाटातच भेटा. तो ना जुन्नरचा, ना कल्याणचा.”

हे भौगोलिकदृष्ट्याही बरोबर आहे. नाणेघाट सह्याद्रीच्या धारेवर आहे. पूर्वेला जुन्नर, पश्चिमेला मुरबाडमार्गे कल्याण. सोपारा आणि कल्याण या प्राचीन बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि तेथून पुढे पैठण, तेरकडे जाई. वाट कडा फोडून काढलेली आहे. माथ्याजवळ दोन कड्यांमधली अरुंद नळी, तीत दगडी पायऱ्या, नळीच्या खालच्या तोंडाशी लेणे, आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी, आणि वर पठारावर एक भला मोठा दगडी रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांची जकात या रांजणात टाकीत, असे परंपरेने सांगतात. उघड्या तोंडाच्या रांजणात दिवसभराची रोकड ठेवण्याची पद्धत कोणत्याही खजिनदाराला पसंत पडणार नाही. पण लोकांची समजूत तशी आहे, आणि घाटाचे नावही ते नाण्यांवरूनच आले असे सांगतात.

गेल्या जानेवारीतील एका रविवारी जुन्नरचे कुटुंब वरून मोटारीने निघाले. जुन्नरपासून घाटघरच्या पुढे पठारापर्यंत रस्ता आहे. तेथून लेण्यापर्यंत उतरायला म्हातारे माणूस काठी घेऊन पंधरा मिनिटे घेते. कल्याणच्या मंडळींनाही माळशेजला वळसा घालून वर येता आले असते. मुलाने तसे सुचवलेही. धाकट्यांनी ऐकले नाही. बैल ज्या वाटेने चढत, त्या वाटेने आपण चढू, असे ते म्हणाले. यात वाडवडिलांविषयीचा आदर किती होता आणि जुन्नरच्या रस्त्याने यायचे नाही हा हट्ट किती होता, हे त्यांच्या घरचेही सांगू शकत नाहीत.

वैशाखऱ्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला तेव्हा नुकते उजाडले होते. नवकारशी होईपर्यंत कोणी तोंडात पाणी घेतले नाही. मग उकळून गार केलेले पाणी दोन-दोन घोट घेऊन चढण सुरू झाली. पहिला तास सोपा : पानगळ सुरू झालेले रान, पायांखाली करकरणारी पाने, मधूनच कोरडा ओढा आणि त्यातले गुळगुळीत धोंडे. समोर मात्र सारखा नानाचा अंगठा. हा सुळका खालून खरोखरच मुठीबाहेर काढलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, आणि कितीही चालले तरी जवळ येत नाही. दुसऱ्या तासात वाट उभी झाली. झाडांच्या मुळ्यांना धरून चढायचे, दहा पावलांवर थांबायचे. मुलाने वडिलांच्या पाठीवरची पिशवी मागितली. त्यांनी दिली नाही. पिशवीत वही होती.

एका सपाट धोंड्यावर ते बराच वेळ बसले. माकडांची एक टोळी वरच्या झाडांतून निघून गेली. नातीने विचारले, “दादाजी, या वाटेने आपला माल कसला यायचा?” धाकट्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. घाटमाथ्यावरच्या गावांतले महादेव कोळी हिरडा गोळा करून आणीत. तो वाळवून, निवडून खाली कल्याणला जाई, कातडी कमावण्यासाठी आणि औषधासाठी. परतीला बैलांवर मीठ, भात, नारळ. रेल्वे बोरघाटातून १८६३ सालीच गेली होती, पण जुन्नरला रेल्वे कधी आलीच नाही. म्हणून बैलांची ही वाट पुढेही चालत राहिली. हे सारे त्यांनी लहानपणी थोरल्या भावाकडून ऐकले होते. दुकानाच्या ओट्यावर रात्री दोघे झोपत तेव्हा थोरले सांगत. हे मात्र त्यांनी त्या वेळी सांगितले नाही. घरी परतल्यावर मुलाला सांगितले.

साडेतीन तासांनी खडकातल्या पायऱ्या लागल्या आणि टाकी दिसली. त्यांच्या पलीकडे लेण्याच्या तोंडाशी थोरले काठी टेकून उभे होते. शेजारी भाभी, त्यांच्या हातात डबा. नातू धावत खाली आला आणि त्याने धाकट्यांचा हात धरला. धाकटे वर आले, वाकून भाभींच्या पाया पडले, मग थोरल्यांच्या. थोरले म्हणाले, “या वयात चढून आलास? दम लागला असेल. बस.” बसायला लेण्यात तिन्ही बाजूंनी दगडी बाक आहे. दोघे समोरासमोरच्या भिंतींशी बसले.

पहिला अर्धा तास कोणी वहीचे नाव काढले नाही. तो अर्धा तास लेण्याने निभावून नेला. भिंतींवरचा लेख कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली पाहिला, पण त्या वेळी तो कोणालाही वाचता येत नव्हता. ब्राह्मी लिपी उलगडली गेली ती पुढच्या दशकात, जेम्स प्रिन्सेपच्या हातून. येथील अंकांची ओळख पटवण्याचे श्रेय जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. १८७६ साली त्यांनी या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला. डाव्या व उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळी. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या काळचा हा लेख. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात यज्ञांची नावे आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा दिलेली आहे : ११,००० गाई, १,००० घोडे, गावे, चांदीची भांडी, आणि नाण्यांत सांगायचे तर एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, दुसऱ्या ठिकाणी ६,००१. शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला चाराचा अंक जोडायचा. नातीने हे आकडे भिंतीवर शोधून दाखवले, तेव्हा थोरले उठून जवळ गेले. “म्हणजे ही खतावणीच की,” ते म्हणाले. “राजाची.”

भाभींचे लक्ष मात्र मागच्या भिंतीकडे होते. तेथे कधीकाळी आठ पुरुषभर मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. पावलांच्या पुसट खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका म्हणजेच नागनिका, आणि राजा सातकर्णी, मग कुमार भायल. मधले एक नाव नष्ट झालेले. त्यानंतर महारठी त्रनकयिर. शेवटी कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन. नातीने नावे वाचली तशा भाभींनी विचारले, “हा महारठी कोण?” तो राणीचा पिता असावा, असे अभ्यासक मानतात. भाभी क्षणभर गप्प झाल्या. “सासरच्यांच्या रांगेत मुलीच्या बापाला उभे केले? आणि तेही मुलांच्या आधी?” लेण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या जागेवर बोट ठेवायला बहुधा सून असलेलीच बाई लागते.

लेखात राणीचे वर्णन आहे. ती महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, असे शब्द आहेत. उपवासासाठीचा शब्द ‘मासोपवासिनी’. भाभींनी ऐन चाळिशीत मासखमण केलेले आहे. त्यांनी एवढेच विचारले, “पाण्यावर?” नात म्हणाली, “तेवढे लिहिलेले नाही, मोठ्या दादीजी.” अनेक विद्वानांच्या मते पतीच्या पश्चात लहान मुलांच्या वतीने ती राज्य सांभाळीत होती. विधवा बाई, अज्ञान मुले, आणि राज्यातल्या वर्दळीच्या व्यापारी वाटेवर तिने मांडून ठेवलेला घरचा हिशेब आणि घरची माणसे. येणारा प्रत्येक तांडा हे पाहूनच पुढे जाणार. तिने जागा निवडली ती पेढीवर बसणाऱ्या माणसाला पटण्यासारखी आहे.

मग थोरले म्हणाले, “आण पाहू.”

धाकट्यांनी पिशवीतून वही काढली. शाल पाहताच भाभींनी ती ओळखली. सासूबाई हिवाळ्यात पांघरत ती. थोरल्यांनी वही मांडीवर घेतली, पण त्यांचा जवळचा चष्मा मोटारीत राहिला होता. धाकट्यांनी आपला दिला. नंबर फारसा वेगळा नव्हता.

छायाचित्रात जी ओळ दिसत होती, ती पानाच्या मध्यावर होती. थोरल्यांनी ती वाचलीच नाही. त्यांनी पाने मागे उलटायला सुरुवात केली : एक, दोन, तीन. खाते कोठून सुरू झाले ते ते शोधत होते. तिसऱ्या पानाच्या शिरोभागी ते थांबले आणि नातीला म्हणाले, “हे बघ. श्री धर्मादा खाते.” पेढीवरच्या व्यवहारातून धर्मादा काढण्याची रीत वाचकांना सांगायला नको. “नाण्याची घट कोणी धर्मादाला लिहीत नाही. हे टाकेच. फागणात उपसले असेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी, बैलांसाठी.” खात्यात जमेच्या बाजूला दोन नोंदी होत्या, प्रत्येकी १ रुपया ४ आणे, दोन नावांवर. नावेच्या बाजूला २ रुपये ८ आणे.

“दोन नावे?” धाकट्यांचा मुलगा म्हणाला. घरात आजवर एकाच मूळ पुरुषाची गोष्ट सांगितली जात असे. संवत १९५६ च्या छप्पनिया दुष्काळात तो मारवाडातून निघाला आणि जुन्नरला येऊन त्याने दुकान घातले. वाड्यातल्या दिवाणखान्यात तसबीर एकाचीच आहे. थोरल्यांनी लहानपणी कोणाच्या तरी तोंडून ‘काकाजी’ असा उल्लेख ऐकला होता. तो कोणाविषयी, हे कधी विचारले नव्हते. आता त्यांनी वही शेवटाकडून चाळली. वही एका वर्षाची नव्हती. उरलेल्या पानांवर पुढची वर्षेही लिहिली होती. संवत १९६८ च्या पानावर त्या दुसऱ्या नावाचे खाते बंद केलेले होते. थोरल्यांनी ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा मोठ्याने : शिल्लक रुपये ४१, श्री धर्मादा खाते जमा. खाली तिथी. मागे वारस नव्हता, बायको नव्हती, असे दिसते. असती तर शिल्लक तिच्या नावे गेली असती. दोन भाऊ दुष्काळातून आले होते. एक या डोंगरांत संपला आणि त्याची रक्कम भावाने आपल्या खात्यावर घेतली नाही.

लेण्यात कोणी बोलले नाही. बाहेर सहलीला आलेली मुले एकमेकांची छायाचित्रे काढीत होती, त्यांचा आवाज आत येत होता. थोरल्यांनी वही पुन्हा धर्मादा खात्याच्या पानावर आणली आणि त्या १–४–० वर बोट ठेवून, मान वर न करता, म्हणाले, “रक्कम बरोबर होती रे माझी. खाते चुकले.”

धाकट्यांना अर्थ कळला. मुलाला तो बऱ्याच वेळाने कळला, नातवाला सांगावा लागला. धाकटे लगेच काही बोलले नाहीत. ते उठले, बाहेर जाऊन टाक्यांपाशी उभे राहिले. तेथील एका टाक्यावरही प्राचीन लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले. ‘पोढी’ हा त्या काळचा टाक्यासाठीचा शब्द. गोविंददास कोण, काय व्यापार करीत होता, लेखात नाही. तो खालून, समुद्राकडून चढून आला असेल, तहानेला असेल, एवढे ती वाट चढलेल्याला सांगावे लागत नाही. नातीने तो लेख शोधला. धाकट्यांनी टाक्यातल्या पाण्याकडे बराच वेळ पाहिले, वरची पाने हाताने बाजूला सारली. आपल्या आजोबांनी कोणते टाके उपसले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्यांनी ते खडकावर लिहून ठेवलेले नाही.

परत आल्यावर ते भावाच्या शेजारच्या बाकावर बसले. “निम्मे बरोबरच होते, भाईसाहेब,” ते म्हणाले. “मलाच ते तेव्हा वाचता आले नाही.” थोरल्यांनी चष्मा काढून परत केला.

भाभींनी डबा उघडला. खाखरे, मेथीच्या पुऱ्या, कैरीचे लोणचे, आणि वेगळ्या कागदात गूळपापडी. गूळपापडी त्यांनी धाकट्यांपुढे सरकवली. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा दीर बारा-तेरा वर्षांचा होता, आणि शाळेतून आला की पहिल्यांदा डब्यात हात घालीत असे. आताही त्यांनी दोन वड्या जास्त घातल्या. पठारावर लिंबूपाणी विकणारा घाटघरचा एक म्हातारा नळीतून खाली आला होता. नातवाने त्याला विचारले, पूर्वी इथे बैल येत का. “माझ्या आज्याच्या टायमाला येत व्हती. मीठ यायचं खालनं,” तो म्हणाला. टाकी कोण साफ करी? “आमचीच मानसं. पैसं वानी द्यायचं.” कोणता वाणी, हे त्याला ठाऊक नव्हते.

दुपार कलू लागली. बेत असा होता की कल्याणच्या मंडळींनी आल्या वाटेने उतरायचे. मोटार वैशाखऱ्याला उभी होती. धाकटे म्हणाले, गुडघे उतरायला तयार नाहीत. त्यावर कोणी काही विचारले नाही. मुलगा आणि नात खाली उतरतील, आणि मोटार घेऊन दुसऱ्या दिवशी जुन्नरला येतील, असे ठरले. वही कोणाकडे राहायची, हा प्रश्न थोरल्यांनीच काढला. धाकट्यांनी ती शालीत नीट गुंडाळून त्यांच्या हाती दिली. “वाचणारे तिथे आहेत,” ते म्हणाले. “हिला शिकवा म्हणजे झाले.” नातीने मे महिन्यात परीक्षेनंतर जुन्नरला येण्याचे कबूल केले.

वर रांजणापाशी मोटार उभी होती. थोरल्यांनी खिशातून लहान टिपणवही काढली, मोटारीच्या पुढच्या झाकणावर ठेवली आणि लिहू लागले. “भाईसाहेब, पोच कशाला?” धाकटे म्हणाले. थोरल्यांनी लिहिणे थांबवले नाही. तारीख, वार, खतावणी नग एक, संवत १९६२ पासून, तांबडी बांधणी, पाने किती, त्यांपैकी कसरीने खाल्लेली किती, सोबत शाल एक. सही करून त्यांनी कागद फाडून दिला. धाकट्यांनी तो वाचून पाहिला, पानांची संख्या पुन्हा विचारून घेतली, आणि घडी करून आतल्या खिशात ठेवला.